हव्वाबीची मन्नत

अबुजर पिचर होता. पिचर म्हणजे बेसबॉलमधला बोलर, फक्त कोपर वाकवायची त्याला पूर्ण मुभा. रत्नागिरीच्या टेनिस-बॉल स्पर्धांत ज्या फेकीला अंपायर नो-बॉल देऊन देऊन थकले, घर दुबईला हलल्यावर त्याच फेकीवर खूश होऊन एका अमेरिकन माणसाने त्याला शेजारच्या शारजाच्या मैदानावरून उचललं. तीन वर्षं तो अमेरिकेतल्या लहानसहान गावांत खेळला. मग दुबईत टीम मिळाली आणि तो तिथल्याच करामा वस्तीतल्या आपल्या घरी परतला.

बत्तिसाव्या वर्षी उजवा हात असा झाला होता की दात घासायला डावा लागे. जुमेरा लेक टॉवर्समधल्या डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं, "अजून एक सीझन खेळलात तर एमानला कडेवर घ्यायचं विसरा." एमान त्याची चार वर्षांची मुलगी. त्याच दिवशी टीमच्या मॅनेजरने पुढच्या सीझनचं कॉन्ट्रॅक्ट पाठवलं. गुरुवारपर्यंत सही हवी होती.

अबुजरला सही करायची नव्हती. त्याला थांबायचं होतं, आणि तेही आजपासून नाही, गेल्या दोन सीझनपासून. आड येत होती ती अम्मी, हव्वाबी.

झालं असं होतं की, तो दुबईत खेळायला लागला त्या वर्षी हव्वाबीने मासळी सोडली. रत्नागिरीच्या बाईने मासळी सोडणं म्हणजे चेष्टा नव्हे! सून तहसीन सुरमई तळायची आणि सासूबाई शेजारी बसून डाळभात कालवायच्या. कारण विचारलं की एकच उत्तर, "मन्नत आहे. पुरी होईपर्यंत सांगायची नसते." अबुजरने मनानेच ताडलं: पोरगा चॅम्पियन व्हावा, आई दुसरं काय मागणार? टीम एकदा सेमीफायनलला हरली, एकदा फायनलला. दोन्ही वेळा त्याने अम्मीच्या ताटातली डाळ पाहिली आणि मुकाट्याने पुढच्या सीझनवर सही केली. असा हा शहाणा.

बुधवारी दुपारी तहसीननेच त्याला ढकललं. "खलास करा ना आता. जाऊन सांगा. अम्मी काय तुम्हाला खाणार आहेत?"

हव्वाबी नमाज आटोपून खाली अंथरलेल्या जानमाजची घडी घालत होती. अबुजर तिच्यासमोर जमिनीवर बसला.

"अम्मी, मला माफ कर. तुझी मन्नत माझ्याच्याने पुरी होणार नाही. मी खेळणं सोडतोय. डॉक्टर नको म्हणतात, आणि... मलाही नकोय."

"सोडतोस म्हणजे? पुढच्या सीझनलाही नाही?"

"कधीच नाही. लहान पोरांना कोचिंग करीन, बस."

"हात वर करून दाखव."

त्याने कण्हत हात कानापर्यंत नेला. हव्वाबीने तो तिथेच धरला, कोपर दोन्ही तळव्यांत घेतलं आणि "या अल्लाह, तेरा शुक्र है" म्हणत ती ढसाढसा रडायला लागली.

अबुजर घाबरला. "अम्मी, रडू नको. टीमला दुसरा पिचर मिळेल, इन्शाल्ला जिंकतीलही..."

"टीम गेली खड्ड्यात! पहिल्याच मॅचनंतर तुला बर्फात हात बुडवून बसलेला पाहिला मी. तिथेच मागितलं, माझा पोरगा हात शाबूत घेऊन मैदानाबाहेर येऊ दे, तोवर मासळीला शिवणार नाही."

अबुजरचा जीव भांड्यात पडला. इतकं हलकं त्याला कुठली मॅच जिंकूनही वाटलं नव्हतं. तो हसत सुटला, आणि हसता हसता त्याचेही डोळे वाहायला लागले.

"मग बोलली का नाहीस अम्मी? तीन सीझन!"

"मन्नत कुणी सांगतं का? आणि माझ्या सांगण्यावरून सोडलं असतंस, तर जन्मभर मनात राहिलं असतं तुझ्या." हव्वाबीने ओढणीने नाक पुसलं. कोपर अजून तिच्याच हातात होतं. "पण तू रे? तुला नको होतं ना? मग तू का गप्प बसलास? तुझी कसली मन्नत होती?"