बर्फात ठेवलेली लशीची पेटी

मित्रांनो, मी एक जुनी, निळी लशीची पेटी आहे. जन्मले कारखान्यात, पण माझं सारं आयुष्य मंगोलियाच्या माळावर गेलं. इतर देशांत माझ्या बहिणींच्या पोटात बर्फ भरतात म्हणे. इथल्या हिवाळ्यात मात्र परिचारिका सारंगेरेल कोमट पाण्याच्या बाटल्या भरायची, कारण कावीळ 'ब'ची लस गोठली की कामातून गेलीच.

हा आजार जगात सगळीकडे सारखा नाही, हे ऐकून मी थक्क झाले होते. कुठे तो शंभरात एखाद्याच्याच रक्तात सापडतो, आमच्याकडे दहा-बारा जणांमागे एकाच्या. त्यातून होणाऱ्या यकृताच्या कॅन्सरने माणसं जातात, तीही इथेच जास्त. आईकडून तो बाळाला लागतो, म्हणून लस पहिल्याच दिवशी टोचायची.

त्या दिवशी वादळामुळे होंगोरझुलला बाळंतपणासाठी दवाखान्यात नेता आलं नाही. तिच्या रक्तात हा विषाणू होता. तिचे वडील आणि भाऊ यकृताच्या आजारानेच गेले होते. म्हणून सारंगेरेलच मला घेऊन तिच्या लोकरी तंबूत शिरली ती थेट तिच्यापाशी बसली. होंगोरझुलच्या आईने, दुल्मा आजींनी, पाहुणीचं सामान म्हणून मला जपून उचललं आणि बाहेर बर्फात, गोठलेल्या मटणाशेजारी नेऊन ठेवलं. मला ओरडता आलं असतं तर!

बाळ रडलं तशी सारंगेरेल म्हणाली, "आजी, माझी पेटी कुठाय?"

"ठेवलीय की मस्त गारठ्यात! मटणसुद्धा टिकतं तिथं."

"अहो, गोठली तर वाया जाईल ना लस! दुसरी नाहीये माझ्याकडे."

आजी अनवाणीच धावल्या.

सारंगेरेलने कुपी हलवली, उजेडात धरून बराच वेळ पाहिली. गोठलेल्या लशीत होतात तशी एकही गाठ नव्हती. "चांगली आहे हो!" ती हसली. माझ्या भिंतींनी ऊब धरून ठेवली होती. मग ते थेंबभर औषध चिमुकल्या मांडीत गेलं. एका थेंबाने अख्ख्या घराचं दुखणं अडवायचं, या नवलाची सवय मला आजही झालेली नाही.

"काय मेलं माकड जन्माला आलंय!" आजी म्हणाल्या. नजर लागू नये म्हणून इथे असंच म्हणतात. मग त्यांनी हळूच विचारलं, "हे माकड म्हातारं होईल ना गं? आमच्या पुरुषांचे केस पिकलेले मी पाहिलेच नाहीत."

"होईल की. पुढच्या लशी तेवढ्या चुकवू नका."

आता माझं झाकण तडकलंय. नव्या पेट्या आल्या, मी दवाखान्याच्या कोपऱ्यात पडून असते. मित्रांनो, मला विसरलात तरी चालेल, बाळाची लस विसरू नका. परवा तेच माकड आपल्या लेकीला लस टोचून घ्यायला घेऊन आलं होतं. कानशिलावर त्याचे दोन-चार केस पिकलेत. आजी असायला हव्या होत्या.