मागचा डावा स्पीकर

टीव्ही घ्यायला जाणारी माणसं चित्र बघतात. आम्ही आवाज ऐकायला गेलो होतो, आणि तोही फक्त एका वाक्याचा. हे दुकानातल्या सेल्समनला समजावणं जरा जड गेलं.

वाक्य बाबांचं होतं. बाबांचा फोटो स्टुडिओ होता आणि आसपासच्या तीन पिढ्यांचे पासपोर्ट फोटो त्यांनी काढले होते. हनुवटी खाली, कान दिसू द्या, हलू नका. या तीन सूचनांवर त्यांनी संसार चालवला, दुकानातला आणि घरातलाही. पुढे लोकांच्या हातात फोन आले, प्रत्येक जण स्वतःचा छायाचित्रकार झाला आणि बाबांनी शटर ओढून घेतलं. मग स्वतःची समजूत काढायला त्यांनी एक व्हिडिओ कॅमेरा घ्यायचं ठरवलं. तो निवडायला त्यांना जेवढा वेळ लागला तेवढा बायको निवडायला लागला नव्हता, असं आई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. माहितीपत्रकं गादीखाली, माहितीपत्रकं उशाला. शेवटी घेतला तो असा, की ज्याच्या डोक्यावर माइकची चार बारीक भोकं होती. हा कॅमेरा पुढचा आवाज पुढे ठेवतो आणि मागचा मागे, असं बाबा कौतुकाने सांगत. आमच्या जुन्या टीव्हीला मुळात दीड स्पीकर होता. त्यामुळे पुढचं, मागचं, आजूबाजूचं सगळं एकाच फटीतून चेंगराचेंगरी करत बाहेर पडायचं.

कॅमेरा नवा होता, पण सूचना जुन्याच राहिल्या. व्हिडिओ काढतानाही बाबा म्हणायचे, हलू नका. आम्ही हलायचो नाही. आमच्या घरच्या चित्रणात कुणीच हलत नाही. ताईच्या मुलीच्या वाढदिवसाचं चित्रण आहे, त्यात केकवरची मेणबत्ती तेवढी हलते. सहलीच्या चित्रणात नदी वाहते आणि काठावर आम्ही सगळे हनुवटी खाली घालून उभे आहोत, नदीचा काही गुन्हा केल्यासारखे. त्यात बाबांची आणखी एक खोड होती. काम संपलं की ‘झालं’ म्हणायला ते विसरायचे. ते आत जाऊन चहा पीत असायचे आणि आम्ही बाहेर उभेच.

बाबा स्वतः मात्र एकाही चित्रणात नाहीत, कारण कॅमेरा त्यांनी कधी कुणाच्या हातात दिलाच नाही. एकदाच, आईने फारच लावून धरलं म्हणून, त्यांनी कॅमेरा स्टँडवर बसवला. आईला खिडकीपाशी उभं केलं. तिच्या डाव्या हाताला स्वतःसाठी एका माणसाची जागा ठेवायला सांगितली. मग बटण दाबलं आणि मागून काहीतरी बोलले. त्याच वेळी खाली रस्त्यावरून ट्रक गेला. आईला शब्द कळले नाहीत, पण कॅमेरा चालू आहे एवढं कळलं. ती हलली नाही. पायाला मुंग्या येईपर्यंत ती तशीच उभी राहिली. नेहमीप्रमाणे ‘झालं’ म्हणायला विसरले असतील, असं तिला वाटलं. शेवटी तिने वळून बघितलं तेव्हा बाबा कॅमेऱ्यामागच्या खुर्चीत बसले होते आणि मान एका बाजूला गेली होती.

त्यानंतर आईला एकच गोष्ट हवी होती. ते काय बोलले? छातीत दुखत होतं म्हणून त्यांनी हाक मारली आणि मी शिस्तीत उभी राहिले, असं तर नाही ना? ती हे कुणाला विचारायची नाही. फक्त ते चित्रण लावायची, कान टीव्हीच्या जाळीला टेकवायची आणि ट्रक गेला की पुन्हा मागे नेऊन लावायची. भाऊजींनी लॅपटॉपवर प्रयत्न करून बघितला, तर ट्रक जास्त चांगला ऐकू आला. ताईने तिला आपल्याकडे राहायला बोलावलं होतं. खोली तयार होती, खोलीला पडदेही लागले होते. ऐकलं की येते, एवढंच आई म्हणायची.

म्हणून आम्ही दुकानात गेलो. आई, ताई, भाऊजी आणि मी.

भाऊजींनी आठवडाभर परीक्षणं वाचली होती, त्यामुळे ते आमच्यापुढे चार पावलं चालत होते. दुकानाच्या भिंतीवर ओळीने टीव्ही होते आणि सगळ्यांवर तोच एक मासा पोहत होता. प्रत्येक पडद्यावर मासा जरा वेगळ्या रंगाचा होता. मूळ मासा कोणत्या रंगाचा, हे विचारायची आमच्यात कुणाची हिंमत झाली नाही. सेल्समन गळ्यातला टाय सारखा करत आला आणि त्याने आम्हाला काळा रंग दाखवायला सुरुवात केली. रंग सगळेच दाखवतात म्हणे, खरा टीव्ही काळ्यावरून ओळखायचा. भाऊजींनी मान डोलावली. आई म्हणाली, आमचा जुना बंद असतो तेव्हा याहून काळा दिसतो. सेल्समनने ते विधान ऐकलं नाही असं ठरवलं.

मग त्याने आम्हाला नवा व्हिडिओ कॅमेरा विकायचा एक प्रयत्न केला. फळीवरून एक कॅमेरा उचलला, सगळ्यात मोठ्या टीव्हीला जोडला आणि आमच्यावर रोखला. हालचाल किती स्वच्छ येते ते बघा, म्हणाला. हात हलवा, काकू. चाला थोडं, साहेब.

आम्ही चौघंही थांबलो. हनुवट्या खाली गेल्या. ताईने केस कानामागे सारले, कारण कान दिसायला हवेत. भाऊजी बाहेरून आलेले खरे, पण एवढ्या वर्षांत बाबांच्या हाताखाली तेही तयार झाले होते.

पडद्यावर आम्ही चौघं पुतळ्यासारखे दिसत होतो. सेल्समनला वाटलं चित्र अडकलं. त्याने वायर काढून घातली, टीव्हीच्या पाठीत दोन चापट्या मारल्या. तेवढ्यात पडद्यात आमच्या मागून एक बाई मिक्सरचा खोका घेऊन गेली, आणि कॅमेरा ठीक आहे, बिघाड गिऱ्हाइकांत आहे, हे त्याच्या लक्षात आलं. त्याने कॅमेरा हळूच खाली ठेवला.

मी मात्र पडद्याकडे बघत होतो. आम्ही चौघं एकमेकांना खेटून उभे होतो. फक्त आईच्या डाव्या हाताला एका माणसाएवढी जागा मोकळी होती. तिकडे उभी असलेली ताई ती जागा सोडून पलीकडे सरकली होती. तिला कुणी सरकायला सांगितलं नव्हतं.

होम थिएटर दाखवायची खोली दुकानाच्या मागच्या बाजूला होती. भिंतींना गालिचा, दाराला गालिचा, मधे एक कोच. अशा खोलीत स्वतःचं गिळणं ऐकू येतं. सेल्समनने दार लावलं आणि आमच्या डोक्यावरून एक हेलिकॉप्टर नेलं. मग काही इमारती पाडल्या. भाऊजी खूष झाले. पाच स्पीकर कुठे कुठे आहेत ते त्याने हाताने दाखवलं, तीन पुढे आणि दोन पाठीमागे. आईने इमारती पडून होईपर्यंत वाट बघितली आणि पिशवीतून बाबांचा कॅमेरा काढला.

सेल्समन म्हणाला की एवढ्या जुन्या वस्तूवरून यंत्राची पारख होत नाही. आई म्हणाली, आपली यावरूनच होते. त्याने कॅमेरा उलटासुलटा बघितला, एक वायर शोधून आणली आणि जोडली.

पडद्यावर आई आली, भिंतीएवढी. जुन्या टीव्हीवर ती नुसती उभी दिसायची. इथे ती श्वास रोखून उभी आहे हे दिसत होतं. बाहीचा एक धागा निघालेला होता, तोही दिसत होता. तिच्या डाव्या हाताला खिडकीचा अर्धा पडदा आणि रिकामी जागा होती, आणि पडदा हलत होता. समोरच्या स्पीकरमधून खालचा रस्ता ऐकू येऊ लागला. सायकलची घंटा वाजली. मग लांबून ट्रक यायला लागला. तो समोरच होता आणि समोरच राहिला. पहिल्यांदाच तो कुणाच्या अंगावर आला नाही.

आणि आमच्या मागे कुणीतरी खाकरलं.

ताईने वळून बघितलं, भाऊजींनी बघितलं, मीही बघितलं. मागे गालिच्याची भिंत होती आणि डाव्या कोपऱ्यात, माणसाच्या डोक्याच्या उंचीवर, एक लहानसा डबा. डब्यातून बाबा बोलले. ते नेहमी जिथून बोलायचे तिथूनच, आमच्या पाठीमागून, कामात असल्यासारखे.

“हलू नकोस. आलोच मी.”

मग खुर्ची करकरली. त्यानंतर मागच्या दोन्ही स्पीकरमधून काहीही आलं नाही. समोर आई उभी होती, रस्ता चालू होता.

आमच्यातली एकटी आईच मागे वळली नव्हती. कोचावर ती तशीच बसून होती, पडद्याकडे बघत, हनुवटी खाली. मग ती म्हणाली, “बरं.” हे ती आम्हाला म्हणाली नव्हती.

सेल्समनने दिवा लावला. आवाज मागून आला ना काकू, हेच मी मघापासून सांगतोय, म्हणाला. त्याच्या बाजूने बघितलं तर त्याचं बरोबरच होतं. पुन्हा लावू का, मोठ्याने लावतो, असंही त्याने विचारलं. आई नको म्हणाली. ऐकलं एकदा. त्यांनी बोलावलं नव्हतं. एवढं बोलून तिने डोळे पुसले आणि पाचही स्पीकर बांधून द्यायला सांगितलं. टीव्ही कोणता, असं भाऊजींनी विचारलं तेव्हा ती म्हणाली, तुम्हाला हवा तो घ्या, काळा बघून.

परत येताना गाडीत ताईचा चेहरा हलका झाला होता. आईच्या मनावरचं ओझं उतरलं, आता आवराआवर करायची, कपाट कुठल्या भिंतीला लावायचं, असं ती बोलत राहिली. आईने तिला पूर्ण बोलू दिलं.

मग म्हणाली, “आता कशी येऊ गं मी? ते आलोच म्हणालेत.”

ताई म्हणाली, आई, त्याला किती दिवस झाले.

“उशीर करतातच ते,” आई म्हणाली.

हे खोटं नव्हतं. बाबांच्या ‘आलोच’चा घड्याळाशी कधी संबंध नव्हता. स्टुडिओतून निघतोच म्हणायचे आणि आमटी तीनदा गरम व्हायची. यायचे मात्र नक्की.

यंत्र बसवायला दुकानातून तंत्रज्ञ आला तेव्हा भर दुपार होती आणि खोलीत लख्ख उजेड होता. हे मी मुद्दाम सांगतो. पुढचे तीन स्पीकर त्याने आपल्या मर्जीने लावले. मागचा डावा कुठे लावायचा ते आईने सांगितलं. कॅमेऱ्याचा स्टँड जिथे होता तिथे, त्या खुर्चीच्या वर. ती खुर्ची अजून तिथेच आहे. तिच्यावर कुणी बसत नाही. तंत्रज्ञ बसायला गेला तेव्हा आई, ताई आणि मी, तिघंही एकदम ‘अहो’ म्हणालो.

अशा यंत्राला बसणाऱ्याच्या जागेपासून प्रत्येक स्पीकर किती लांब आहे ते मोजून घ्यावं लागतं. काडेपेटीएवढा एक माइक कानाच्या उंचीवर ठेवतात. मग प्रत्येक स्पीकर आळीपाळीने एक खरखरता आवाज काढतो आणि यंत्र अंतर पडद्यावर दाखवतं. आई आपल्या जागेवरून उठेना, म्हणून त्याने माइक तिच्यासमोर स्टुलावर ठेवला. कोचावर ती उजवीकडे बसली होती, डावीकडची जागा मोकळी. ताई आणि मी भिंतीशी उभे होतो. तंत्रज्ञाने सूचना दिली की मोजमाप होईपर्यंत कुणी बोलायचं नाही, हलायचं नाही. बहुतेक घरांत हे जमत नाही, असंही तो म्हणाला. आम्ही एकमेकांकडे बघितलं. आयुष्यात पहिल्यांदाच आम्हाला आमच्या विषयात परीक्षा आली होती.

पुढचे तिन्ही आकडे बरोबर आले. मागचा उजवा बरोबर आला. मागचा डावा खुर्चीच्या वर होता, खोलीच्या पार टोकाला. यंत्राने तो खोलीच्या मध्यावर दाखवला.

तंत्रज्ञ म्हणाला, भिंतीवरून आवाज परततो, होतं असं. त्याने पुन्हा मोजलं. या वेळी तो आणखी जवळ आला, कोचाच्या पाठीपर्यंत. त्याने उठून स्पीकर बघितला, वायर बघितली, स्पीकर आणि कोच यांच्या मधल्या रिकाम्या जागेतून एकदा हात फिरवला. मग हात खिशात घातला. म्हणाला, यंत्राचं राहू द्या, मी टेपने मोजून हाताने आकडा भरतो.

आई म्हणाली, “कशाला? बरोबर दाखवतंय ते. पुन्हा मोजा.”

ताईने माझा दंड धरला होता. काहीतरी बोल, असा त्याचा अर्थ होता. पण तंत्रज्ञाने बटण दाबलं होतं, आणि बटण दाबल्यावर आमच्यात कुणी बोलत नाही. पुढचा डावा खरखरला, मग मधला, मग पुढचा उजवा. खिडकीचा पडदा हलत होता. आईने न बघता डाव्या हाताने कोचावरची उशी उचलली आणि मांडीवर घेतली. आलेल्या माणसाला बसायला जागा करतात तशी.

मागचा उजवा खरखरला. आता डाव्याची पाळी.

हनुवटी खाली. कान दिसतायत. ‘झालं’ असं अजून कुणी म्हटलेलं नाही.