धुराड्याची झडप

चिलीच्या दक्षिणेतल्या आमच्या कोयाइके गावाच्या हवेत सकाळी धूर किती, हे मोजणाऱ्या यंत्राची जाळी मी एकवीस वर्षं साफ करतोय, त्यामुळे पदव्यांचं मला फारसं कौतुक नाही. यास्ना बारिया मात्र आमच्याच गल्लीतली. राजधानीत, सांतियागोत, डॉक्टरेट करून आली आणि उद्याची हवा आजच सांगणारं संगणकावरचं मॉडेल तिने आमच्या कचेरीत बसवलं. ते रोज म्हणायचं, सकाळ स्वच्छ. आणि रोज सकाळी गाव खोकत उठायचं. शेवटी साहेबांनी बजावलं, महिनाभरात जमलं नाही तर अंदाजाचं काम राजधानीकडे जाईल.

जूनमधल्या, म्हणजे आमच्याकडच्या ऐन हिवाळ्यातल्या, एका रविवारी आम्ही तिच्या आईकडे, एदुविनाबाईंकडे, गरम सोपाइपिया, म्हणजे भोपळ्याच्या तळलेल्या पुऱ्या, खात बसलो होतो. बाईंना प्रार्थनेला जायचं होतं. निघताना त्यांनी चुलीत ओली लाकडं कोंबली आणि धुराड्याची झडप जवळजवळ बंद केली.

"आई, हे काय करतेस?"

"काय म्हणजे? रात्री निजतानाही हेच करते. लाकूड सकाळपर्यंत पुरतं. तू काय दुसऱ्या घरात वाढलीस?"

यास्नाचा चेहरा पाहण्यासारखा झाला. तिच्या मॉडेलमध्ये माणसं झोपली की चुली विझायच्या. इथे त्या गावभर रात्रभर धुमसत होत्या. मग चार दिवस आम्ही दारोदार फिरून विचारलं, झडप किती वाजता लावता? लोकांनी आम्हाला वेड्यात काढलं.

गुरुवारी राजधानीचा अंदाज आला, उद्या हवा चांगली. यास्नाने झडपांच्या वेळा मॉडेलमध्ये घातल्या आणि लिहिलं, धुराची आणीबाणी, आणि खाली आकडाही दिला. साहेब हसले. शुक्रवारी सकाळी यंत्रावरचा आकडा मीच वाचला. तिच्या आकड्यापेक्षा फक्त चारने कमी. साहेबांनी सगळ्यांसमोर तिच्याशी हात मिळवला आणि काम आमच्याकडेच राहिलं.

पुढच्या आठवड्यात तिचा इशारा पहिल्यांदा रेडिओवर गेला. आज झडप उघडी ठेवा, वाळलेलंच लाकूड जाळा. एदुविनाबाई शाल गुंडाळून घरोघर फिरल्या, ज्याची झडप बंद दिसली त्याची खरडपट्टी काढली आणि स्वतः, लाकूड मध्यरात्रीच संपल्यावर, तीन घोंगड्यांखाली कुडकुडत झोपल्या. दुसऱ्या दिवशी आकडा अंदाजाच्या निम्माच निघाला. समोरचा डोंगर स्वच्छ दिसत होता.

मी चिडवलं, "काय पोरी, साफ चुकलीस की."

"चुकले, काका," ती म्हणाली आणि तिने कचेरीची खिडकी सताड उघडली.