हातभर पाणी

सकाळपासून प्रेमिला तळ्याच्या पाळीवर, मातीच्या बांधावर, उभी राहून चैतरामबुवाशी भांडत होती. तळं काठोकाठ भरलं होतं आणि सांडव्यावर म्हाताऱ्याने चिखल-तणसाची आड घातली होती.

चिचगडकडच्या त्या गावातलं तळं कोहळी समाजाच्या पूर्वजांनी बांधलेलं. उत्तरा नक्षत्र सरत आलं की सांडवा अडवून हातभर पाणी जास्त धरायचं, ही चैतरामच्या घराची पिढीजात रीत. पुढे हत्ताचा, हस्त नक्षत्राचा पाऊस हुकला तरी कणीस बाहेर पडण्याआधीचा, पोटरीतला धान त्या हातभर पाण्यावर तरतो. कधी अडवायचं, कधी फोडायचं, हे गाव त्यालाच विचारी.

"मामाजी, आड फोडा जी. पाळीखाली आमची घरं आहेत. माह्या सासूले चालता येत नाही."

"मागच्या साली हत्त कोरडा गेला तवा तूच रडून राहिली होती ना? आता पानी आहे त फोडाले सांगून राहिली. साठ वर्सं पाहून राहिलो मी. उत्तरेचं पानी पाळ नाही फोडत."

"तुमच्या साठ वर्साचा पाऊस आता कोठी राहिला?"

चैतराम हसला. "जा, तुह्या सासू बुडीले च्या दे," म्हणाला.

त्याच दुपारी महिन्याचा पाऊस चार तासांत पडला. चैतराम फावडं घेऊन धावला तेव्हा पाणी पाळीवरूनच वाहत होतं. त्याने आडेवर पहिला घाव घातला आणि वीस पावलांवर पाळ फुटली. प्रेमिलाने लेकीला, रेणूला, खांद्यावर घेऊन शाळेच्या टेकाडावर नेलं. सासूसाठी मागे वळली तर घर नव्हतं. सासूचं, जमुनाबाईचं प्रेत दुसऱ्या दिवशी धानाच्या दोन बांध्यांपलीकडे बांबूच्या बेटात सापडलं.

पंचनामा झाला. आड आपणच फोडू दिली नाही, असं चैतरामने स्वतःहून सांगितलं. लिहिणाऱ्याने मान वर केली नाही. एवढ्या पावसात पाळ तशीही फुटली असती बाबा, म्हणाला, आणि अतिवृष्टी लिहून गेला.

ते 'तशीही' वर्षभर म्हाताऱ्याच्या घशाखाली उतरलं नाही. फुटली असती का? की आड नसती तर जमुनाबाईला उचलण्यापुरता वेळ मिळाला असता? कोणाला विचारावं, कळेना. शिव्या द्यायलाही कोणी त्याच्या अंगणात येईना.

गावाने पाळ पुन्हा बांधली. खालच्या घरांना दुसरी जागा मिळणार होती, ती मिळाली नाही. प्रेमिलाने जुन्याच जोत्यावर कुडाचं घर उभं केलं.

यंदा श्रावण कोरडा गेला आणि तळं उत्तरेत भरलं. माणसं आडेचं विचारायला आली. चैतराम पाळ उतरला आणि प्रेमिलाच्या दारात जाऊन उभा राहिला.

"तू सांग, पोरी. तू म्हनशील तसं करू."

ती तांदूळ पाखडत होती. तिने सूप खाली ठेवलं.

"माही बांधी सगळ्यात शेवटची, मामाजी. पानी नाही धरलं त पयली तेच वाळन. मंग पोरीले काय खाऊ घालू?"

"अन् धरलं त?"

"त आमी शाळेत राहू. धान कापेपर्यंत."

सांडव्यावर आड घातली गेली. संध्याकाळी खालच्या सहा घरांनी वळकट्या, भांडी, कोंबड्या उचलल्या. चैतरामने प्रेमिलाच्या खाटेला मागून हात लावला. तिने नको म्हटलं नाही, वळूनही पाहिलं नाही. टेकाड चढताना म्हातारा दोनदा दमला. दोन्ही वेळा ती खाट धरून उभी राहिली, तळ्याकडे पाठ करून.