नीराबाईच्या मणक्यातला फुगा

नीराबाईची पाठ मोडली ती बंदरावर. बोटीतून उतरवलेली बोंबलांची पाटी डोक्यावर घेताना पाठीत काहीतरी कटकन वाजलं आणि ती तिथेच खाली बसली. एक मणका चेपून अर्धा झाला होता. वय बासष्ट.

अलिबागेतल्या एका खाजगी इस्पितळात हाडांचे डॉक्टर दिपेश यांनी तिच्या मुलीला, विनिताला, कागदावर चित्र काढून समजावलं. पाठीला लहानसं भोक पाडून बारीक नळी मणक्यात घालायची. नळीच्या टोकाला घडी घातलेला फुगा असतो. तो आत फुगवून चेपलेलं हाड वर उचलायचं, मग फुगा काढून पोकळीत हाडांचं सिमेंट भरायचं.

"दुसऱ्या दिवशी आई चालत घरी जाईल," ते म्हणाले.

नीराबाईला चौघांनी उचलून घरी आणलं. सिमेंट मणक्याबाहेर सांडून मज्जारज्जूवर बसलं होतं. दोन्ही पाय गेले.

"हाडच कुजकं होतं. वय झालं की असं होतं," डॉक्टर म्हणाले. बोलताना ते मोबाईल बघत होते.

महिन्याभराने बाजारात विनिताला मनुबाई भेटली. ती त्याच इस्पितळात आया होती. तिने विनिताला बर्फाच्या दुकानामागे ओढलं.

"वयाचं काय न्हाय, पोरी. तुझ्या आयशीच्या पाठीत फुगा फुटला. हाड तडकलं, तिथनं सिमेंट भायेर आलं. एकदा वापरून टाकायचा असतोय तो. तिसऱ्यांदा धुतलेला व्हता."

विनिता पनवेलला ऑपरेशन थिएटरमध्ये टेक्निशियन होती. तिने ती नोकरी सोडली आणि सासरच्या आडनावाने त्याच इस्पितळात अर्ज केला. डॉक्टरांनी तिला ओळखलं नाही. तिच्या तोंडाकडे त्यांनी तेव्हाही नीट पाहिलं नव्हतं.

दोन महिन्यांत त्यांचा तिच्यावर विश्वास बसला. फुगे धुणं, वाळवणं, गॅसने निर्जंतुक करून साध्या पाकिटात बंद करणं हे काम तिच्याकडे आलं. एकदा वापरला की पाकिटावर लाल टिंब, दोनदा वापरला की दोन. फुटेपर्यंत चालवायचा, असा नियम. पेशंटला मात्र नवाच म्हणून सांगायचं. विनिताने प्रत्येक पाकिटाचा फोटो काढला. घरी आल्यावर ती आईचे पाय चोळायची, आणि आई सांगायची, "राहू दे, मना कळत न्हाय."

मग डॉक्टरांची स्वतःची आई पडली. कमळताई, तळा गावच्या शाळेतून निवृत्त झालेल्या बाई. न्हाणीघरात पाय घसरला आणि मणका चेपला, अगदी नीराबाईचा चेपला होता तसा.

दोन टिंबांचा फुगा कंपनीच्या नव्या डब्यात घालायला विनिताला पाच मिनिटं लागली असती. तिने तसं ठरवलंही होतं. पण मग तिच्या लक्षात आलं, म्हातारीचे पाय गेले तर हा माणूस त्यालाही वय म्हणेल, आणि त्याने नीराबाईचं काय केलं ते कुणालाच कळणार नाही. ते सगळ्यांना कळायला हवं होतं. त्याच्याच तोंडून निघायला हवं होतं.

ऑपरेशनच्या सकाळी डॉक्टर सीलबंद डबा स्वतः घेऊन आले. "विनिता, आज हा. सील मी बघितलंय."

"हो सर."

कमळताईंची छाती पूर्ण भूल झेपण्याइतकी धड नव्हती. फक्त पाठ बधिर केली होती. त्या पालथ्या पडून जाग्या होत्या. भूल देणाऱ्या डॉक्टर प्राप्ती त्यांच्या उशाशी बसल्या होत्या. नळी मणक्यात गेली. डॉक्टरांनी मागे हात केला.

"फुगा."

विनिताने तो त्यांच्या हातात ठेवला. सुरकुतलेला, नीट घडी न बसणारा. शेजारी त्याचं पाकीट ठेवलं, लाल टिंबं वर करून. सीलबंद डबा मागच्या टेबलावर तसाच होता.

डॉक्टर थबकले. "हा कुठला दिलास?"

"आपला नेहमीचा, सर."

"हा नाही! हा वापरलेला आहे!" त्यांचा आवाज चढला. "अक्कल आहे का? आत फुटला तर पाय जातील तिचे!"

प्राप्तींनी मान वर करून पाकिटाकडे पाहिलं.

"नीराबाईचे गेले तसे?" विनिताने विचारलं. "की तेव्हा वय झालं होतं?"

उशीत तोंड असलेल्या कमळताईंचा आवाज आला, वर्गात यायचा तसा. "दिपेश, कोण नीराबाई?"

प्राप्ती उठून आल्या, पाकीट उचललं, टिंबं मोजली आणि ते आपल्या खिशात ठेवलं. विनिताने हातमोजे बदलले, नव्या डब्याचं सील फोडलं आणि नवा फुगा पुढे केला. डॉक्टरांनी तो घेऊन ऑपरेशन पूर्ण केलं.

कमळताई दुसऱ्या दिवशी चालल्या. तिसऱ्या दिवशी विनिताच्या तक्रारीवरून आरोग्य खात्याची चौकशीची माणसं आली, आणि मुलाविरुद्ध पहिला जबाब त्यांनीच दिला. दुसरा प्राप्तींचा, तिसरा मनुबाईचा. विनिताने फोटो दिले. त्या दोन महिन्यांत पाच पेशंटना असे फुगे आपल्याच हाताने दिले, हेही तिने लिहून दिलं. ते लिहिताना मात्र तिला दोनदा थांबावं लागलं. थिएटरला टाळं लागलं, डॉक्टरांना काम करायला बंदी झाली, आणि विनिताची नोकरी गेली.

चौकशीच्या कचेरीच्या दारात डॉक्टरांनी तिला गाठलं. दाढी वाढलेली होती.

"आई तळ्याला निघून गेली. माझा फोन घेत नाही. मिळालं तुला हवं ते?"

"मिळालं," विनिता म्हणाली आणि जिना उतरली.

घरी नीराबाई खिडकीजवळच्या खाटेवर पडली होती. विनिताने सगळं सांगितलं, पहिल्यापासून. आई ऐकत राहिली. डोळ्यांना पाणी नव्हतं.

"त्याच्या आयशीसमोर बोल्ला?"

"हो."

"सोताच्या तोंडानं? पाय जातील म्हनून?"

"हो, आई."

नीराबाईने हातांनी रेटा देऊन अंग वर ओढलं आणि पाठ भिंतीला टेकवली.

"परत सांग," ती म्हणाली. "त्यानं हात मागं केला, तिथपासून."