काठावर पास

माझी भाची गेली.

हे वाक्य तुम्ही वाचलेलं नाही. आमच्या घरात तसा रीतसर ठराव झाला आहे. मांडला आईने, अनुमोदन दाजींचं, विरोधात कुणी नाही. ताई तटस्थ राहिली, कारण ती तेव्हा न्हाणीघरात नळ सोडून बसली होती. ठरावानुसार असं काही घडलेलंच नाही, तेव्हा मंगळवारपासून सुरू करू. मंगळवारी सगळं ठीक होतं.

मंगळवारी साहेब काचेच्या पेटीत झोपल्या होत्या. साहेब म्हणजे भाचीच. ती फार आधी जन्मली, नाव ठेवायचा कुणाला धीर झाला नाही, आणि मी तिला साहेब म्हणायला लागलो, कारण सगळा व्यवहारच तसा होता. भेटायला वेळ घ्यावी लागे, बूट बाहेर काढावे लागत, आत हळू आवाजात बोलावं लागे, आणि एवढं करून त्या डोळे उघडतील याची खात्री नसे. वजन माझ्या एका बुटाहून कमी. तोंडात नळी, नळीला मशीन, आणि मशीन त्यांच्या वतीने श्वास घेत होतं. मूड असला तर मध्येच एखादा श्वास त्या स्वतःचाही घालत. मोठी माणसं फाईलवर सही करतात तसा.

आत ताईशिवाय फक्त बाळाचा बाप चालतो, पण बापाची जागा मी भरत होतो. दाजी वायरमन आहेत. खांबावर चढून चालू लाईनला हात घालतात, पण पेटीतल्या वायरी बघितल्या की त्यांना घेरी येते. पहिल्या दिवशी ते थेट सिस्टरच्या अंगावर पडले. सिस्टरनी त्यांना बाहेरच्या बाकावर बसवलं आणि "इथून हलू नका" म्हणाल्या. दाजी तेव्हापासून हलले नव्हते.

"एवढी लहान बाळं श्वास घ्यायला विसरतात," सिस्टर मला म्हणाल्या.

"विसरतात म्हणजे?"

"म्हणजे विसरतात. मग तळव्याला टिचकी मारायची. आणि आठवण राहावी म्हणून कॉफीतलं औषध देतो."

मी बाहेर येऊन दाजींना सांगितलं की तुमच्या मुलीला कॉफी चालू आहे.

"असेल," दाजी म्हणाले. "मला आठवडाभर कुणी चहा विचारला नाही."

मशीन कधी काढणार, हे मी डॉक्टर मॅडमना रोज विचारायचो. मॅडम कमी बोलायच्या आणि बोलताना आपल्याकडे न बघता पेटीकडे बघायच्या. बुधवारी मात्र त्यांनी ज्यूसच्या डब्याची बारीक नळी माझ्या हातात दिली.

"नाक धरा. तीन मिनिटं यातून श्वास घ्या."

"कशाला?"

"नवीन येणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला करायला लावते. तिची चाचणी हीच असते. मशीनचा जोर उतरवायचा, नळी तशीच ठेवायची, आणि तीन मिनिटं बघत राहायचं. रंग उतरतो का, ठोके मंदावतात का, छाती आत ओढली जाते का."

मी मिनिटभर टिकलो. मग डोळ्यांपुढे काजवे चमकले आणि मी फरशीवर बसलो. बाहेरून काचेतून दाजींनी ते पाहिलं. त्यांना वाटलं बातमी वाईट आहे, म्हणून तेही फरशीवर बसले.

"पास झाली की काढायचं?" मी दम खात विचारलं.

"पास झालेलीही दमतात. आणि नापास झालेलं एखादं बाळ स्वतःच नळी उपटतं आणि मजेत राहतं."

"मग चाचणी कशाला?"

"काहीतरी धरून चालावं लागतं. मशीन ठेवलं तर ते फुप्फुसं खराब करत राहतं. काढलं तर बाळ दमतं. बरोबर दिवस कुठला होता ते नंतर कळतं." मॅडमनी पेटीवर बोट टेकवलं. "हिला अजून दोन दिवस देऊ."

गुरुवारी सकाळी बाकावर दाजींच्या शेजारी एक माणूस येऊन बसला. फरशी बसवणारा होता. नखांत पांढरं सिमेंट, गुडघ्यांवर पँट घासलेली. त्याच्या बायकोचे दिवस भरायला अजून बराच अवकाश होता, आणि पहाटे सगळं अचानक झालं होतं. त्याचं बाळ आमच्या समोरूनच आत नेलं. एक सिस्टर चालता चालता हाताने फुगा दाबत त्याला श्वास देत होती.

"तुमचं कोण आहे आत?" त्याने विचारलं.

"भाची. यांची मुलगी."

"चांगलं बघतात ना इथे?"

"फार. परीक्षासुद्धा घेतात."

तो कसनुसा हसला. दाजींनी त्याला बाकावर सरकून जागा दिली. बाकावर जागा होतीच, तरी दिली.

ताईला खालच्या वॉर्डातून चाकाच्या खुर्चीत वर आणलं होतं. मॅडम दारात आल्या.

"सकाळी चाचणी घेतली. पास आहे."

"फर्स्ट क्लास?" मी विचारलं.

"काठावर."

"काल दोन दिवस म्हणाला होतात," ताई म्हणाली.

"म्हणाले होते."

"मग आज काय बदललं?"

मॅडम पहिल्यांदाच पेटी सोडून ताईकडे बघायला लागल्या. "आज एक बाळ आलंय. मशीनं चार आहेत, चारही लागलेली. बाहेरून एक मागवलंय, यायला संध्याकाळ होईल. चौघांत मशीन काढण्याच्या जवळ आलेली हीच आहे. हे न सांगता काढणं मला जमलं नसतं."

"मला त्या बाळाचं सांगू नका हो. एवढंच सांगा. ही तयार आहे का?"

"आकडे म्हणतात आहे."

"आणि तुम्ही?"

"माझं मत आता बिघडलंय," मॅडम म्हणाल्या. "ते बाळ यायच्या आधी विचारलं असतंत, तर सांगितलं असतं. आता हिच्याकडे बघते, तेव्हा ते दुसरं दिसतं."

ताई बराच वेळ खुर्चीच्या चाकावर हात फिरवत राहिली. तिच्या पाठीमागे बाकावर फरशीवाला नखातलं सिमेंट कोरत होता. त्याला यातलं काही ऐकू येत नव्हतं.

"मग माझंही बिघडलं," ताई म्हणाली. "काढा."

नळी काढताना आम्हाला आत उभं राहू दिलं. चिकटपट्टी सोडवायलाच खूप वेळ गेला, नळी एका क्षणात बाहेर. मग साहेब रडल्या. त्या आधीही रडायच्या, पण नळी आवाजाच्या वाटेत बसते, त्यामुळे तोंड वेडंवाकडं व्हायचं आणि ऐकू काहीच यायचं नाही. एवढे दिवस आम्ही मूकपट बघत होतो. आता आवाज आला. गंजलेल्या बिजागरीसारखा होता. ताई हसायला लागली, हसता हसता टाके दुखले म्हणून ओरडली, आणि दाजी घेरीबिरी विसरून दार ढकलून आत आले.

"हा आवाज कुणाचा?"

"तुमच्याच घराण्याचा," मी म्हणालो. "तुम्ही गाता तेव्हा असाच येतो."

दाजी वायरींकडे बघत उभे राहिले. पडले नाहीत. मी सिस्टरना तसं मुद्दाम दाखवून दिलं.

बाहेर आलो तर फरशीवाला उभा होता. त्याच्या मुलाला मशीन लागलं होतं. त्याने दाजींचे दोन्ही हात हातात घेतले.

"तुमच्या पोरीचा पायगुण चांगला हो. ती उतरली आणि आमच्या पोराला जागा झाली."

तो मनापासून बोलत होता. दाजी "हो, हो" म्हणाले. मी विनोद शोधत होतो, पण हाताला लागला नाही.

दुपारी साहेबांच्या नाकपुड्या फुलायला लागल्या. मग बरगड्यांमधली कातडी आत जायला लागली. सिस्टर तळव्याला टिचक्या मारत होत्या, आधी थांबून थांबून, नंतर न थांबता. मग फुगा आला. मॅडमनी तो स्वतःच्या हातात घेतला, आणि मागवलेलं मशीन येईपर्यंत दुसऱ्या कुणाच्या हातात दिला नाही. मशीन आलं, नळी परत घातली, रंग परतला. रविवारपर्यंत आम्हाला वाटत होतं की पोरगी निभावून नेईल.

पुढचं ठरावात बसत नाही.

नंतर एकदा ताई मॅडमकडे गेली. मी सोबत होतो. मॅडम म्हणाल्या, जंतुसंसर्ग होता, तो कदाचित गुरुवारच्या आधीच रक्तात शिरला असेल. दोन दिवस थांबलो असतो तरी कदाचित हेच झालं असतं. कदाचित नसतंही झालं. खोटं बोलून त्यांना सुटता आलं असतं, आणि ताईलाही सोडवता आलं असतं. पण त्या बाईंना तेही जमत नाही.

फरशीवाल्याचा मुलगा घरी गेला. जाडा झालाय म्हणे. त्याने दाजींना फोन करून सांगितलं, तुमच्याकडे कधी फरशी बसवायची असेल तर हक्काने बोलवा. दाजींनी बरं म्हटलं आणि मग पायाखालच्या चांगल्या फरशीकडे बघत बसून राहिले.

ताई ठराव पाळते. दिवसभर काही बोलत नाही. संध्याकाळी मी कामावरून आलो की फक्त एक विचारते.

"तयार होती का रे ती?"

तिला हो चालेल, नाहीही चालेल. तिला फक्त खरं हवंय, आणि ते कुणाकडेच नाही. मी नळजोडणीच्या कार्यालयात लोकांचे अर्ज नाकारायला बसतो. कुठला अर्ज कशामुळे अडतो, ते मला पाठ आहे. तरी काल जेवणाच्या सुट्टीत मी कोरा कागद घेतला.

प्रति, ज्यांच्या अखत्यारीत हे येत असेल ते. विषय, फेरचाचणीबाबत. महोदय, गुरुवारी सकाळी घेतलेली चाचणी, त्याच सकाळी, त्याच बाळावर, दाराबाहेर दुसरं कोणतंही बाळ नसताना पुन्हा घेण्यात यावी. फरशीवाल्यांच्या मुलास त्या वेळेपुरतं इतरत्र मशीन उपलब्ध करून द्यावं व त्याची काही गैरसोय होऊ देऊ नये. डॉक्टर मॅडम व अर्जदाराची बहीण यांची मतं पूर्ववत करून मिळावीत. चाचणीचा निकाल काहीही लागला तरी तो बहिणीस तोंडी कळवण्यात यावा, ही नम्र विनंती.