चालतो, पण तापवत नाही

मित्रांनो, मी एक जुना मायक्रोवेव्ह ओव्हन आहे. माझ्या दाराची काच धुरकट झाली आहे आणि ‘सुरू’चं बटण दाबून दाबून गुळगुळीत झालं आहे. कारखान्यात माझ्यासोबत माझ्यासारखे शेकडो तयार झाले. माझ्या वाट्याला एका म्हाताऱ्या घड्याळजींचं घर आलं.

ते एकटेच राहत. एकदा शेगडीवर भांडं विसरले आणि त्याचा पार कोळसा झाला. तेव्हा त्यांच्या लेकीने शेगडीच उचलून नेली आणि मला आणून ठेवलं. नऊ वर्षं मी त्यांचं दूध, भात, सूप गरम करत आलो. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते म्हणत, “हा आहे म्हणून माझं स्वयंपाकघर चालतं.” मी मनातून फुगून जायचो.

एका सकाळी माझा दिवा लागला, ताटली फिरली, घंटी वाजली. पण दूध गारच! त्यांनी पुन्हा लावलं. पुन्हा गार. बटणांकडे बराच वेळ बघून ते पुटपुटले, “आता हेही जमेना वाटतं मला.”

मला तोंड असतं तर ओरडून सांगितलं असतं. चार दिवस ते गारढोण जेवले. लेकीला काही कळवलं नाही. पाचव्या दिवशी त्यांनी स्क्रूड्रायव्हर काढला. मला उघडायलाच निघाले! वायर काढली तरी आमच्या आत काही वेळ वीज साठून राहते. नको तिथे हात लागला तर जीवही जाऊ शकतो.

एक स्क्रू निघाला आणि तेवढ्यात लेक दारात! तिने सगळं पाहिलं. “बाबा, आता पुरे. इथलं आवरू. तुम्ही आमच्याकडे चला.”

ते वाद घालत बसले नाहीत. एवढंच म्हणाले, “आधी याला कुणाला तरी दाखव. हा धडधाकट निघाला, तर मी सामान बांधतो.”

दुरुस्तीवाल्या बाई आल्या. त्यांनी कपभर पाणी आत ठेवलं, दोन मिनिटं मला चालवलं आणि पाण्यात बोट बुडवलं. गार! दार अडकवणारे आकडे पाहिले, ते ठीक होते. मग वायर काढून, झाकण उघडून, साठलेली वीज त्यांनी जपून उतरवली आणि एकेक भाग मीटर लावून तपासला.

“डायोड गेलाय याचा,” त्या म्हणाल्या. “दिवा लागेल, ताटली फिरेल, पण गरम काही होणार नाही.”

“म्हणजे बटणं मी बरोबर दाबत होतो?”

“अगदी बरोबर, आजोबा. चुकलं ते फक्त उघडायला गेलात ते. पुन्हा असलं धाडस करू नका हं!”

लेक खाली मान घालून उभी होती. “मीच घाई केली, बाबा.”

“अगं, मलाही तसंच वाटलं होतं,” ते हळूच म्हणाले.

नवा डायोड बसला. पाण्याला वाफ आली. तो कप घड्याळजींनी दोन्ही हातांत धरला. चटके बसत होते, तरी खाली ठेवेनात.

मित्रांनो, माझे थोडेच दिवस उरलेत, म्हणून सांगतो. आमच्या पोटात स्वतः हात घालू नका, जाणत्याला बोलवा. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या हातून काही बिघडलंय असं वाटलं, तर आधी आम्हाला तपासा. आम्हाला त्याचं वाईट वाटत नाही.